टॉरंटवर सरसकट बंदी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गंगापूर रोड असो की नाशिक रोड, महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत टॉरंटचे, म्हणजे अनेक संगणकांनी एकमेकांकडून तुकड्यातुकड्यांनी फाइल घेण्याच्या पद्धतीचे, नाव काढले की ‘फायरवॉलमध्ये (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) बंद करा’ असेच ऐकू येते. ही धास्ती चोरीच्या सिनेमांमुळे आहे आणि ती अनाठायी नाही. टॉरंटमध्ये फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे आपल्याकडून इतरांना जात असतात आणि आपला आयपी पत्ताही (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) इतरांना दिसतो. त्यामुळे १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने आपण वाटप करणारे ठरू शकतो. पण उबुंटू, डेबियन या मोफत संगणक प्रणाली आणि लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर यांचे अधिकृत टॉरंट त्यांच्याच संकेतस्थळांवर मिळतात. तेही बंद करून आपण काय मिळवतो?

हिशेब पाहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सरावासाठी २० संगणकांवर उबुंटूची साधारण ६ जीबीची फाइल हवी आहे. प्रत्येकाने वेगळी उतरवली तर १२० जीबी. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) लाइन सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी देते, म्हणजे पूर्ण वेग मिळाला तरी पावणेतीन तासांच्या आसपास. तीच फाइल एकदाच आणून प्रयोगशाळेतल्या प्रयोगशाळेत फिरवली तर बाहेरून ६ जीबीच आणावे लागतात, आठ-दहा मिनिटांचे काम.

त्यासाठी क्यूबिटटॉरंट हे मोफत, जाहिरातमुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘बिटटॉरंट’ पानावर ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’ चालू असू द्या. त्यामुळे एकाच नेटवर्कवरचे संगणक एकमेकांना शोधतात. मग ‘स्पीड’ पानावर ‘लॅनवरील पीअर्सनाही (म्हणजे आपल्याच नेटवर्कवरच्या देवाणघेवाण करणाऱ्या संगणकांनाही) वेगमर्यादा लावा’ अशा अर्थाची खूण काढून टाका. हीच पायरी बहुतेकांची राहते, आणि मग बाहेरच्यासाठी घातलेली मर्यादा शेजारच्या टेबलावरच्या संगणकालाही लागू होते. खूण काढल्यावर शिक्षकांच्या संगणकावर डाउनलोड मोकळे ठेवा, बाकीच्या संगणकांवर डाउनलोडला ५० केआयबी (१ केआयबी म्हणजे १०२४ बाइट) प्रति सेकंद इतकीच मर्यादा घाला. ते बाहेरून जवळजवळ काही ओढत नाहीत, तुकडे एकमेकांकडून घेतात.

अपलोडची मर्यादा शिक्षकांच्या संगणकावर घालायलाच हवी. अपलोड काठोकाठ भरले की ‘तुकडा मिळाला’ ही पोच उशिरा जाते आणि डाउनलोडही मंदावते. लाइनच्या अपलोड वेगाच्या ८० टक्के ठीक. २० एमबीपीएस असेल तर रकान्यात सुमारे १९५० (केआयबी) लिहा. तिथे बिट नसतात, बाइट असतात. आठाने भागायचे विसरले की मर्यादा घालूनही न घातल्यासारखीच.

संगणक एकमेकांना दिसत नसतील तर आधी वाय-फाय तपासा. राउटरवर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल किंवा संगणक पाहुण्यांच्या नेटवर्कवर असतील तर ते एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करून फायरवॉलमध्ये या सॉफ्टवेअरला परवानगी द्यावी. शक्य तिथे केबलच वापरावी.

बाहेरून वेग मिळत नसेल तर राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवले आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे क्रमांकित दार) उघडून उपयोग नाही, सार्वजनिक आयपी मागावा लागतो. तो असेल तर ४९१५२ ते ६५५३५ मधला एखादा पोर्ट निवडून राउटरवर त्याच संगणकाकडे वळवावा. ६८८१च्या आसपासचे जुने पोर्ट टाळावेत, ते अनेक ठिकाणी अडवलेले असतात.

विद्यार्थ्यांना फाइल पेनड्राइव्हवर न्यायची असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्यावा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

शहरातल्या महाविद्यालयांनी अधिकृत टॉरंटची यादी ठरवून एका संगणकापुरती तरी परवानगी द्यावी, अशी विनंती आहे. ज्यांच्याकडे सार्वजनिक आयपी आहे, त्यांनी तोच संगणक रात्री चालू ठेवून त्या फाइल्स इतरांना द्याव्यात. पेठ, सुरगाण्याकडच्या शाळांनाही त्या आणखी एका ठिकाणाहून मिळू लागतील.

— संगणक प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक