मोर्चाचं निवेदन कसं झालं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आणीबाणीवरचा कालचा लेख वाचला. जून संपत आला की तो येतोच. २८ जून १९७५चा ‘इंडियन एक्सप्रेस’चा कोरा अग्रलेख, दिल्लीत छापखान्यांची तोडलेली वीज आणि अडवाणींचं पत्रकारांबद्दलचं ते वाक्य (‘तुम्हाला वाकायला सांगितलं, तर तुम्ही रांगायला लागलात’), जे नसेल तर असा लेख बहुधा छपाईलाच जात नसावा. स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानींचा मात्र उल्लेखही नाही. सेन्सॉरने त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर अडवला म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जिंकले. एवढी घरची गोष्ट मराठी वर्तमानपत्राला आठवू नये?

लेखकाला अभिमान कोऱ्या जागेचा. पुढे सेन्सॉरने कोरी जागा सोडायलाही मनाई केली, कारण ती पाहून वाचकाला कळायचं की इथलं काहीतरी गेलंय. आज आम्हाला काय कळतं?

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नळपाणी योजनेचे पाइप पुरून झालेत, टाकी रंगवून झालीय, पाणी तेवढं नाही. गावातल्या बायका हंडे घेऊन पंचायत समितीवर गेल्या. माझी सूनही होती. तुमचे वार्ताहर आले, फोटो काढले. ठेकेदार कुणाचा कोण, हे तर त्यांनीच आम्हाला सांगितलं! दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणी उघडली तर पहिलं पानभर आमच्या नेत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. ‘विकासपुरुष’ वगैरे. खाली शुभेच्छुकांत तोच ठेकेदार. आमचा मोर्चा आतल्या पानाच्या तळाला: ‘पाणीप्रश्नी महिलांचे निवेदन’. फोटो नाही, ठेकेदार नाही, आणि शेवटी ‘लवकरच तोडगा काढण्याचे आश्वासन देण्यात आले’. कुणी दिलं हो? आम्ही तिथेच उभे होतो. साहेब तर केबिनमधून बाहेरही आले नाहीत.

वार्ताहराला दोष देत नाही. त्याचं पोट बातमीवर नाही, जाहिरातीच्या कमिशनवर. आणि वाढदिवसाच्या पानांचं टार्गेट त्याला वरून येतं. शिवाय भीती आहेच. आमच्याच जिल्ह्यात, राजापूरला, फेब्रुवारी २०२३मध्ये रिफायनरीच्या वादाबद्दल लिहिणारे शशिकांत वारिशे बातमी छापून आली त्याच दिवशी गाडीच्या धडकेत जबर जखमी झाले आणि गेले. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. तालुक्याच्या गावी बातमी लिहिणाऱ्याला संध्याकाळी त्याच बाजारपेठेतून घरी जायचं असतं. मुंबईत बसून कोऱ्या अग्रलेखाचं कौतुक करायला काय जातं?

आणीबाणीत सरकारला चार वृत्तसंस्था एकत्र करून एक ‘समाचार’ उभी करावी लागली. आता तेवढेही कष्ट नकोत. मंत्र्यांच्या कार्यालयातून निघालेली प्रेसनोट चारही पेपरांत स्वल्पविरामासकट सारखीच वाचायला मिळते.

जाता जाता आणखी एक. अंकाची किंमत वाढवलीत, ठीक आहे. पण रविवारची पुरवणी आमच्याकडे धड येत नाही. एजंट म्हणतो, ‘वरूनच कमी येतात.’ पैसे मात्र पूर्ण घेतो.

पत्र लांबलं. काटछाटीचा अधिकार तुमचाच. आणीबाणी कापा, मसानी कापा, पुरवणीची तक्रार कापा. हंड्यांचा परिच्छेद तेवढा ठेवा. माझं नाव-गाव छापू नये. मला कुणाचं भय नाही, पण तुमच्या वार्ताहराला याच तालुक्यात राहायचं आहे.

– एक जुना वर्गणीदार, जि. रत्नागिरी