गच्चीच्या दारात चिरडणारी इंटरनेटची तार : अध्यक्षांना पत्र

दिनांक : २७ जानेवारी

प्रति,
माननीय अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी,
मांजलपूर, बडोदे

विषय : बी विंगमधील इंटरनेटची तार, गच्चीची किल्ली आणि उत्तरायणातील बिघाड

महोदय,

सप्रेम नमस्कार.

वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या) संध्याकाळपासून, म्हणजे १५ तारखेपासून, २१ च्या दुपारपर्यंत बी विंगमधल्या आठ घरांत इंटरनेट नव्हतं. बिघाड कुठे होता ते मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलं आहे. तो आपल्याच दारात होता आणि दुरुस्तही आपल्यालाच करता येईल, म्हणून हे पत्र. सेक्रेटरीभाईंसाठी गुजराती प्रत वेगळी दिली आहे.

मी घरून व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते हे आपल्याला ठाऊक आहे. दर महिन्याचं ३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं आणि तिमाही भरणाऱ्यांचं आपल्या गुजरातेत २२ पर्यंत. त्यामुळे उत्तरायण संपलं की माझी खरी धावपळ सुरू होते. २० तारखेला रात्री साडेनऊ वाजता मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, खिडकीखालच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, कारण आपल्या विंगमध्ये मोबाइलला धड रेंज मिळते ती तेवढ्याच जागी. रावपुऱ्यातले एक हार्डवेअरवाले फोनवर ताटकळत होते. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येणार, ते मला सांगणार आणि मी भरणार. तीनदा ओटीपी आला आणि तीनही वेळा इकडे पान फिरत राहिलं. जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझायचा, तो लावायला मी उठले की हॉटस्पॉट तुटायचा. बाकीची रिटर्न्स कशीबशी गेली, त्यांचं राहिलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यापासून माझ्या हातून एकही रिटर्न उशिरा गेलं नव्हतं. दिवसाचे ५० रुपये लेट फी पुढच्या रिटर्नमध्ये लागून येईल, ती मी माझ्या खिशातून देणार आहे. रक्कम छोटी आहे, पण त्या माणसाने विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं काम चुकलं, ते मला फार लागलं.

आता बिघाडाविषयी. घरातल्या इंटरनेटच्या बॉक्सवर लाल दिवा लुकलुकत होता. त्याचा अर्थ एवढाच की बाहेरून येणारा प्रकाश बॉक्सपर्यंत पोचत नाही. फायबरच्या तारेत वीज नसते, केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो. धागा दाबला किंवा फार वाकवला की तो प्रकाश वाटेतच गळतो. तरीही हेल्पलाइनवर दर वेळी बॉक्स बंद-चालू करा, फ्रिजपासून लांब ठेवा, वाय-फायचा पासवर्ड बदला, हेच सांगत राहिले. लाल दिवा असताना वाय-फायचा काही संबंधच नसतो. दिवे हिरवे असून आतल्या खोलीत नेट रडत असेल, तर ती गोष्ट निराळी. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि माझ्या हॉलमधून फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची २३ नावं दिसतात. तिथे गर्दी होणारच. त्याची तक्रार मी कमिटीकडे आणणार नाही.

१७ तारखेला कंपनीचा मुलगा आला. गच्चीला कुलूप होतं. किल्ली सेक्रेटरीभाईंकडे, ते मकरपुऱ्याला कामावर, आणि वॉचमनकडची दुसरी किल्ली दिवाळीपासून सापडत नाही. तो वीस मिनिटं थांबून गेला. संध्याकाळी मला मेसेज आला : ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद. मी दिवसभर घरातच होते! १९ ला पुन्हा तोच प्रकार. हा कंपनीचा खोटेपणा आहे. तक्रारींचे डॉकेट नंबर लिहून ठेवले आहेत, त्यांच्या अपिलाचं मी बघून घेईन. पण किल्ली असती तर तो मुलगा १७ लाच वर गेला असता.

२१ ला सेक्रेटरीभाईंच्या घरून बेनने किल्ली शोधून दिली आणि मी त्या मुलाबरोबर वर गेले. रस्त्यावरच्या खांबावरून एक तार आपल्या गच्चीवर येते, कठड्याजवळच्या पेटीत तिच्या आठ वाटा होतात, आणि त्या आठही तारा गच्चीच्या लोखंडी दाराच्या खालच्या बिजागरीतून, दार आणि चौकट यांच्या फटीतून, जिन्यात उतरतात. त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नाही. १४ आणि १५ तारखेला ते दार किती वेळा उघडलं-मिटलं असेल! अख्खी सोसायटी वर होती, उंधियूची पातेली वर, स्पीकर वर, आणि वाऱ्याने दार दणादणा आपटत होतं. बिजागरीपाशी तारा अक्षरशः चपट्या झाल्या होत्या. खांबाकडच्या तारेला मांज्याचं मोठं गुंतवळ लोंबत होतं आणि कुणीतरी ते खाली खेचलं असावं, कारण पेटीचं झाकण निघून आत कबुतराच्या काड्या दिसत होत्या. त्या मुलाने तारेतून किती प्रकाश येतो ते मीटर लावून दाखवलं. माझ्या घरी उणे ३१ डीबीएम येत होतं (आकडा जितका खाली, तितका प्रकाश कमी) आणि उणे २७ च्या खाली गेलं की बॉक्स धरत नाही, असं तो म्हणाला. चिरडलेला भाग कापून नवा जोड दिल्यावर उणे २१ आलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते बी-४०२ मधल्या आजींचं. रोज संध्याकाळी त्या दांडिया बाजारातल्या मैत्रिणींबरोबर मोबाइलवर हरिपाठ म्हणतात. नेट गेल्यावर त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आपल्याकडून कुठलं बटण दाबलं गेलं. दुकानदाराने राउटर खराब झाल्याचं सांगून २,४०० रुपयांचा नवा गळ्यात मारला. तोही चालेना, तेव्हा तो खोक्यात परत भरून त्या गप्प बसल्या. सहा दिवस त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही, कारण फक्त माझंच बंद आहे असं मला १८ तारखेपर्यंत वाटत होतं. २०२४ मध्ये विजेच्या स्मार्ट मीटरवरून आपल्या शहरात लोक रस्त्यावर आले. इंटरनेटचं मात्र जो तो आपल्या घरात बॉक्स बंद-चालू करत बसतो. आठ घरं एका पेटीवर आहेत हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं?

कमिटीकडून मला हवं आहे ते एवढंच. गच्चीच्या चौकटीशेजारी भिंतीला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवावा आणि सगळ्या तारा त्यातून घ्याव्यात. गळती होऊ नये म्हणून पाइपचं बाहेरचं तोंड खालच्या बाजूला वळवावं लागेल. आपल्या इलेक्ट्रिशियनने सिमेंट आणि मजुरी धरून १,८५० रुपये सांगितले आहेत. पेटीला झाकण कंपनीकडून लावून घेऊ, पण ती कठड्यावरून काढून जिन्यातल्या भिंतीवर आणायला कमिटीचं परवानगीपत्र लागतं. किल्लीची एक प्रत वॉचमनकडे असावी आणि घेणाऱ्याचं नाव व वेळ रजिस्टरमध्ये लिहावी. गच्चीला कुलूप का लावलं ते मला मान्य आहे, मुलं कठड्यावर बसत होती. कुलूप राहू द्या, किल्ली मात्र सापडली पाहिजे.

लाईट गेल्यावर नेट जातं ही तक्रार यात नाही. गच्चीवरच्या त्या पेटीला वीज लागतच नाही, वीज घरच्या बॉक्सला लागते, आणि त्यासाठी छोटा यूपीएस मी माझा आणला आहे.

आणखी एक. गेल्या वर्षी दुसरी कंपनी आली तेव्हा भिंती फोडतील म्हणून आपण नकार दिला. पाइप जरा रुंद घेतला तर दुसऱ्या कंपनीची तारही त्यातूनच जाईल, नवी फोडाफोड होणार नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम काढले. उद्या फ्लॅट घ्यायला येणारा माणूस पाण्याबरोबर नेटचंही विचारेल. शिवाय आपल्या गेटवरचं पाहुण्यांचं ॲप नेटवरच चालतं. त्या सहा दिवसांत गेटवरून आलेली विचारणा आम्हाला घरात कळत नव्हती, आणि इंटरकॉम तर कधीपासूनच बंद आहे.

येत्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा ही विनंती. मेंटेनन्समधून पैसे काढायला वेळ लागणार असेल तर १,८५० रुपये मी आधी भरते, नंतर आठ घरांत वाटून घेऊ, आजींचा वाटा मी देईन. इलेक्ट्रिशियन रविवारी सकाळी मोकळा आहे. त्याला नऊ वाजता बोलावू का, एवढं शनिवारपर्यंत कळवावं.

आपली विश्वासू,
रहिवासी, बी-३०४