लिनक्सच्या कर्नलला साउंड कार्ड दिसतंय का, हे विचारल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मदतीने माझा मुका लॅपटॉप बोलू लागला. फोनवर घाईघाईत 'थँक्यू' म्हटलं होतं, पण तेवढ्यावर भागणारं हे काम नव्हतं, म्हणून हे उघड पत्र.

उबुंटू 20.04 ही लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती, सोडून सगळं हाताने बसवावं लागतं अशा डिस्ट्रोवर आलो आणि आवाज गेला. सेटिंग्जमध्ये स्पीकरच्या जागी नुसतं 'डमी आउटपुट'. ज्याला विचारावं तो म्हणे, ॲप्सचा आवाज कार्डापर्यंत नेणारं पाइपवायर काढ आणि त्याच कामाचं जुनं पल्सऑडिओ टाक. नवं दिसलं की संशय त्याच्यावर, असा हा न्याय! तुम्ही आधी तेच थांबवलंत. फेडोरा 34 या डिस्ट्रोमध्ये 2021 साली आणि उबुंटू 22.10 मध्ये 2022 साली पाइपवायर मुळातच आलं. पल्सऑडिओसाठी लिहिलेली ॲप्सही त्यावर चालतात, मग ते काढून मिळणार काय?

तुमचा प्रश्न वेगळाच, थेट कर्नलबद्दल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याबद्दल होता: "कर्नलला कार्ड दिसतंय का?" नळ कोरडा असला की आधी टाकी बघावी, तसा. 'एप्ले' या कमांडला साउंड कार्डांची यादी विचारली, तर एकही कार्ड नाही. मग 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ती ओळ सापडली: सॉफची फर्मवेअर फाइल मिळत नाही. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत आवाज डीएसपी या आवाजाच्या खास प्रोसेसरमधून जातो, आणि सुरू होताना त्या डीएसपीत साउंड ओपन फर्मवेअर (म्हणजेच सॉफ), त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, भरावं लागतं. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फर्मवेअर मात्र वेगळ्या पॅकेजात, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! पाइपवायर बिचारं निर्दोष होतं. खालून काही मिळालंच नाही, तर ते डमी दाखवणार नाही तर काय?

पॅकेज टाकून रीबूट केलं. कार्ड आलं, आवाज नाहीच. तेव्हा आवाजाची पातळी लावायचं 'अल्सामिक्सर' उघडून एफ6 ने खरं कार्ड निवडायला लावलंत. मास्टरखाली 'एमएम' होतं, म्हणजे म्यूट. एम दाबलं आणि स्पीकर खणखणला.

प्रत्येक कमांडनंतर "काय आलं ते वाचून दाखव" म्हणत थांबलात, याचं मला सगळ्यात अप्रूप वाटलं. दहा कमांडी एकदम पाठवून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात.

गाणं थांबवून पुन्हा लावलं की स्पीकर अजून 'टक्' करतो. पाच सेकंद शांतता झाली की पाइपवायरचा कारभार बघणारा वायरप्लंबर कार्ड झोपवतो, असं तुम्ही म्हणाला होतात. ती वेळ आज वाढवून बघतो आणि कळवतो.

आपला स्नेहांकित,
एक नवा डिस्ट्रोवाला