प्रौढांच्या इंग्रजीसाठी एक चरित्र पुरे

महोदय,

प्रौढांच्या इंग्रजी वर्गात बालगीतं लावणं थांबवावं, ही कळकळीची विनंती. मोठ्या माणसांना वाचायला मोठ्या माणसाचं आयुष्य द्यावं. हेलन केलरचं चरित्र त्यासाठी उत्तम. जन्म १८८०, एकोणीस महिन्यांच्या वयात आजारपणात दृष्टी आणि श्रवण गेलं, १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन शिकवायला आल्या, १९०४ मध्ये पदवी. घटना ओळीने येत असल्याने पुढच्या वाक्याचा अंदाज बांधता येतो.

उतारा शंभर-सव्वाशे शब्दांचा, नवे शब्द आठच. त्यांपैकी चार-पाच क्रियापदं हवीत: लॉस्ट, केम, टॉट (taught, शिकवलं), लर्न्ड. आधी शिक्षकाने सावकाश वाचावं, शिकणाऱ्यांनी ओळीखाली बोट फिरवावं. मोठ्याने वाचन त्यानंतर. उलट केलं की माणूस अडखळतो, लाजतो आणि पुढे तोंडच उघडत नाही.

घोटाळा बहुधा ‘टॉट’पाशी होतो. स्पेलिंगमधले जी आणि एच उच्चारायचेच नाहीत, हे फळ्यावर त्या अक्षरांवर काट मारून दाखवावं. शेजारी ‘थॉट’ (thought) मात्र त्याच दिवशी लिहू नये, दोन्ही एकमेकांत मिसळतात. सालही १८८७ म्हणजे ‘एटीन एटी-सेव्हन’ असं दोन तुकड्यांत वाचायला शिकवावं.

शब्दार्थांची यादी पाठ करून घेऊ नये. हेलनच्या एका हातावर पंपाचं पाणी पडत होतं, तेव्हा दुसऱ्या तळहातावर सुलिव्हन यांनी बोटांनी ‘वॉटर’ लिहिलं. वर्गातही शब्द वस्तूला, कृतीला जोडावा आणि दोन दिवसांनी नव्या वाक्यात पुन्हा विचारावा.

– प्रौढांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक