आईचा घोटभर चहा

आईच्या टाळूचं ऑपरेशन परळच्या टाटा हॉस्पिटलात झालं. वरच्या जबड्याचा उजवा भाग काढल्यावर तोंड आणि नाक एकच झालं. चहाचा घोट घेतला की नाकातून बाहेर. बोललेलं आम्हालाही कळेना. मग ती बोलायचीच थांबली.

तिच्या तोंडाचं माप घेणाऱ्या डॉक्टरताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रेडिएशननंतर तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, तरी तुम्ही घाई केली नाहीत. आधी पोकळीत गॉझ, मग मापाचा लगदा, आणि शेजारच्या सिस्टर सगळा वेळ तिचा हात धरून. टाळूचं भोक बंद करणारी ॲक्रिलिकची ती प्लेट, पोकळीत बसणारा तिचा वरचा गोळा आतून पोकळ म्हणून हलका. उरलेल्या दातांना तारेचे आकडे. टोचतंय म्हटलं की लॅबमधले दादा लगेच घासून द्यायचे, चार वेळा तरी. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत तोंड उघडायला शिकवणारे भाऊ, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तिच्यासाठी पेज गाळून आणणाऱ्या मावशी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

प्लेट बसवली त्या दिवशी ती कपभर चहा प्यायली. थेंबही नाकातून आला नाही. मग तिनं मला नावानं हाक मारली.