आधी गाडी बघ म्हणणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

या महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय. शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो या सगळ्यात मला नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण गावाकडून मुंबईत नोकरीला येणाऱ्या प्रत्येकीला शेजारच्या टेबलावर तुम्ही भेटत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जून. मी लातूरहून नुकती आलेली, दादरला पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. माझी नोकरी फोर्टात, नवऱ्याची ऐरोलीत. बदलापूरचा एक फ्लॅट आम्ही जवळजवळ पक्का केला होता. दोन बेडरूम, बाल्कनीतून डोंगर, भाडं झेपेल असं. टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. एजंट म्हणाला होता, स्टेशनपासून सात मिनिटं. डबा खाताना मी हे तुम्हाला मोठ्या आनंदाने सांगितलं, आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "त्या गाडीने कधी गेलीस का? रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी, सहानंतर?"

मी गेले नव्हते. आम्ही फ्लॅट बघितला तो रविवारीच.

"मग घर नंतर बघ, आधी गाडी बघ," असं म्हणून त्याच संध्याकाळी तुम्ही मला बरोबर घेऊन निघालात. सीएसएमटीला गाडी फलाटावर येत असतानाच बायका चढायला लागल्या. तुम्ही माझा दंड धरून ठेवलात, "थांबल्यावर चढ." तुमच्या मैत्रिणींनी धरून ठेवलेली जागा तुम्ही मला दिलीत आणि स्वतः दादरपर्यंत उभ्या राहिलात. दादरला जो लोंढा आत आला, तो मी आजही विसरलेले नाही. त्यातच तिघींच्या बाकावर कुणीतरी सरकून चौथी सीट दिली, तुम्ही टेकलात, पिशवीतून मेथीची जुडी काढलीत आणि शांतपणे निवडायला लागलात. एकीने विचारलं, "कुठे?" मला वाटलं ओळख करून घेते आहे. तुम्ही सांगितलंत, ती तू कुठे उतरणार ते विचारते, म्हणजे तुझी जागा तिची.

कल्याण गेल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवून समजावलंत. कल्याणपर्यंत गाड्या भरपूर. तिथे फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. पुढे दोनच रूळ, आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्याही त्यांच्यावरूनच. म्हणून बदलापूरची एक गाडी चुकली की मागोमाग दुसरी येत नाही. पावसाळ्याचंही सांगितलंत. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी चढलं, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं. मला घाबरवण्यासाठी तुम्ही हे सांगत नव्हता. तुमची स्वतःची सत्तावीस वर्षं त्याच रुळांवर गेली होती.

अंबरनाथ आलं. तुमचं स्टेशन. तुम्ही उतरला नाहीत. दिवसभर काम करून थकलेल्या तुम्ही माझ्यासाठी एक स्टेशन पुढे आलात, भर पावसात शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्याबरोबर बावीस मिनिटं उभ्या राहिलात. ती सात मिनिटं रिक्षात बसल्यानंतरची होती, हे तेव्हा कळलं. इमारतीच्या फाटकापाशी घड्याळ बघितलं, तर ऑफिसातून निघून दोन तास दहा मिनिटं झाली होती. रात्री तुमच्याच घरी जेवले, ती मेथीची भाजी खाल्ली, तिथेच झोपले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एका रद्द व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडलात. तो कागद मी जपून ठेवला आहे. नकाशावर सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, पण तुम्ही किलोमीटर खोडलेत आणि दारापासून दारापर्यंतची मिनिटं लिहिलीत. बदलापूरऐवजी तुम्ही मुलुंड सुचवलंत. तिथून जाताना पन्नास मिनिटं वाचणार, येताना पन्नास. वर्षाला २७० दिवस धरले तर ४५० तास. खाली तुमच्या अक्षरात आहे, "म्हणजे साधारण १९ दिवस आणि रात्री."

मुलुंड तुम्ही का सुचवलंत, तेही आठवतं. ऐरोली मुलुंडहून खाडीपुलापलीकडे आहे, नवऱ्याला लोकलची गरजच नाही. मला ठाण्याहून सुटणारी स्लो. मुलुंडला बसायला मिळेलच असं नाही, पण आत शिरून दोन पायांवर नीट उभं राहता येतं, आणि घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की बहुतेक वेळा जागा होते. भाड्याची बाजू तुम्ही लपवली नाहीत. बदलापूरच्या दोन बेडरूमपेक्षा मुलुंड पूर्वेच्या वन आरकेचं भाडं जास्त होतं. पास आणि रिक्षाचे पैसे वजा करूनही तूट राहत होती. "ही तूट तुम्हा दोघांना झेपते का, हे तुम्ही ठरवा," म्हणालात. कुर्ला-शीवला पाणी भरलं की मुलुंडवालेही अडकणार, पण हमरस्त्याने घर गाठता येतं, हेही आधीच सांगितलंत.

तुम्ही अंबरनाथला कधी नावं ठेवली नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिथे तुमचं हक्काचं घर आहे, शेजार आहे, गाडीतल्या मैत्रिणी आहेत, दसऱ्याला तुम्ही सगळ्याजणी मिळून डबा फुलांनी सजवता. त्याच भागातल्या कारखान्यात किंवा कल्याणला नोकरी असती, तर तुम्हीच मला बदलापूर घ्यायला लावलं असतंत. सकाळी तिकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी किती कमी असते, तेही दाखवलं होतंत. घर कुणाचं आणि नोकरी कुठली हे बघून सल्ला देणारी माणसं मला फार कमी भेटली. बाकी सगळे आपण जिथे राहतो तेच गाव चांगलं म्हणून सांगत होते.

गेल्या वर्षी मुलगी झाली. रजा संपवून कामावर आले, तेव्हा संध्याकाळी ती जागी असताना मुलुंडच्या घरी पोहोचत होते. तिला भरवणं, अंघोळीनंतर पावडर लावणं, हे मला माझ्या हाताने करता आलं. तुम्ही एकदा सहज बोलून गेला होतात, तुमची मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली ते तुम्हाला शेजारणीने सांगितलं. त्या व्हाउचरवर १९ दिवस लिहिताना तुमच्या मनात तेच होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मी तुमच्याच गाडीने तुमच्याबरोबर अंबरनाथपर्यंत येणार आहे. घरी सांगून ठेवलं आहे. या वेळी जागा मी धरते आणि मेथीही मीच आणते.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची