शनिवारच्या बैठकीआधी एक छोटा प्रयोग करून या

सदस्यहो, शनिवारी संध्याकाळी ५ वाजता पणजीत नेहमीच्या जागी जमायचं आहे. लॅपटॉप चार्ज करून आणा, पावसात वीज जाते.

येताना एक प्रोग्राम लिहून आणा: रायबंदर-चोडण फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या मोजणारा. थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) दोन, काउंटर (मोजणीचा आकडा) एकच, लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) नाही. प्रत्येक थ्रेडने १ लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर बहुतेक वेळा २ लाखांपेक्षा कमी येईल. ‘एक मिळवा’ हे एकच काम वाटतं, पण आत तीन पावलं असतात: वाचा, वाढवा, परत लिहा. दोघांनी एकच जुना आकडा वाचला की एक गाडी गायब! यालाच रेस म्हणतात.

एकदा बरोबर आलं म्हणून थांबू नका. हजार वेळा चालवा, प्रोसेसरच्या कोअरपेक्षा जास्त थ्रेड लावा, मधे कमीजास्त विलंब घाला. सगळे थ्रेड एकाच क्षणी सुटले पाहिजेत, हे बरेच जण विसरतात; त्यासाठी बॅरिअर (सगळे थ्रेड येईपर्यंत थांबवून ठेवणारा अडसर) वापरा.

रेस शोधायला साधनंही आहेत: गो भाषेत रेस डिटेक्टर, सी प्लस प्लसमध्ये थ्रेडसॅनिटायझर, जावात जेसीस्ट्रेस. पहिली दोन साधनं प्रत्यक्ष चाललेल्या कोडमधलीच रेस पकडतात, आणि प्रोग्राम बराच मंदावतो, घाबरू नका.

चूक सापडली तर दुरुस्त करू नका, तशीच घेऊन या.